स्टीलच्या वाटीतल्या चार गोळ्या

वाचकाचे पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझं वय ३८, शाळेत शिक्षिका आहे. घर माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा खात नाही. चार वर्षांपूर्वी थायरॉइड कमी निघाला, तेव्हापासून ७५ची गोळी चालू आहे. दर वेळी टीएसएच अडीचच्या आसपास यायचा. यंदा सगळंच बिघडलं. पाळीत अंगावर फार जातं म्हणून जूनमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांनी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दिली. लोहाने पित्त व्हायला लागलं, म्हणून पित्ताचीही गोळी घेते. सकाळी शाळेची घाई असते, तेव्हा चारही गोळ्या स्टीलच्या वाटीत काढून एकदम उरकते आणि पाठोपाठ चहा घेते. नाहीतर नंतर विसरायला होतं.

थकवा आणि केस गळणं वाढलं म्हणून ऑगस्टमध्ये ८० तपासण्यांचं पॅकेज केलं. टीएसएच ८.४, फ्री टी-४ १.१, हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन ९, बी-१२ २३६, डी १७, अँटी-टीपीओ ४८०, एलडीएल १४८, एचबीए१सी ५.९. जिकडे बघावं तिकडे ठळक अक्षरं! डॉक्टरांनी गोळी १००ची केली. मधल्या काळात जाऊबाईंनी पुण्याहून केसांसाठी बायोटिनच्या गमीज पाठवल्या, त्या रोज दोन खाते. पाच आठवड्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं, तर टीएसएच ०.२ आणि फ्री टी-४ चक्क २४. १.१ वरून २४! आता गोळी बंद करायची का? यातला कुठला रिपोर्ट खोटा? मैत्रीण म्हणते गहू सोड, कोबी सोड, सेलेनियम सुरू कर. आणि माझी मुलगी १२ वर्षांची आहे, तिचंही सगळं तपासून घेऊ का?

एक शिक्षिका, कऱ्हाड

ताई, नमस्कार.

आधी एक गोष्ट मनावर घ्या. गोळी बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने अर्धीही करू नका. छातीत धडधड, हात थरथरणं, काही न करता घाम, रात्रभर झोप न लागणं, यातलं काही होत असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवून आजच डॉक्टरांना फोन करा. तसं काही नसेल तर पुढचं शांतपणे वाचा. तुमच्या पत्रात उत्तर जवळजवळ पूर्ण आहे, तुम्हाला ते सुटं सुटं दिसतंय एवढंच.

मी गेली सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवते. रोज सकाळी सात वाजता रक्त द्यायला माणसं येऊन बसतात. दंडाला पट्टा बांधता बांधता मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते. थायरॉइडची गोळी आज घेतली का? आणि या महिन्यात नवीन काय सुरू केलंत? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक बायका ‘काही नाही’ म्हणतात. कापूस धरून उठताना मग आठवतं, ‘तशी केसांची गोळी चालू आहे म्हणा, पण ते काही औषध नाही.’ तुमच्याही बाबतीत हेच झालं आहे. दोन्ही लॅबनी नळीत जे होतं ते प्रामाणिकपणे मोजलं असणार. पहिल्या रिपोर्टमागे तुमची वाटी आहे, आणि दुसऱ्यामागे जाऊबाईंच्या गमीज असण्याची शक्यता मला फार वाटते.

टीएसएच म्हणजे काय ते नीट कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. हे द्रव्य थायरॉइड ग्रंथी बनवत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतं. ती मुकादम आहे असं समजा. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कामाला ढिली पडली की मुकादम जोरात हाका मारतो, म्हणून टीएसएच वाढतो. काम भरपूर होऊ लागलं की तो गप्प बसतो आणि टीएसएच खाली येतो. हा मुकादम भारी तापट आहे. थायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक बनवते, तो टी-४, रक्तात थोडासा घसरला तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो. म्हणून ८.४ हा आकडा २.५च्या तिप्पट दिसला तरी तुमचा आजार तिप्पट झाला असा अर्थ होत नाही. तुमचा फ्री टी-४, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी-४, त्याच दिवशी १.१ होता, म्हणजे अगदी मध्यावर. शरीराला माल पुरत होता, मुकादमाला तो थोडा कमी वाटत होता.

आता कमी का वाटत होता, ते बघू. चार वर्षं ७५च्या गोळीवर तुम्ही ठीक होतात. जूनपर्यंत ठीक आणि ऑगस्टमध्ये बिघाड. मध्ये काय घडलं? वाटीत तीन गोळ्या वाढल्या.

ती वाटी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. त्यात एक पांढरी, तिळाहून थोडी मोठी थायरॉइडची गोळी. तिच्या शेजारी लोहाची लालसर, कॅल्शियमची खडूसारखी लांबट आणि पित्ताची छोटी. चारही एका घोटात पोटात जातात आणि तिथे एकमेकींच्या पायात पाय घालतात. लोह थायरॉइडच्या औषधाला चिकटून बसतं आणि कॅल्शियमही तेच करतं, मग ते औषध आतड्यातून रक्तात न जाता बरंचसं तसंच पुढे निघून जातं. पित्ताची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं. वर चहा. चहा थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी करतो आणि लोहाचं तर फारच कमी करतो, कारण त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. म्हणजे ज्या लोहाने तुमच्या थायरॉइडच्या गोळीचा घास घेतला, ते लोह स्वतःही अंगी लागलं नाही. दोन महिने गोळ्या खाऊन फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९ राहायचं हे मोठं कारण आहे. रोज ७५ची गोळी घेऊनही तुमच्या रक्तात त्याहून कमीच पोचत होतं.

हे तुमच्या डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता. त्यांच्यासमोर ८.४चा आकडा होता आणि बाकीच्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होत्या. त्यांनी गोळी वाढवली यात त्यांची चूक नाही. तुमचीही नाही. घाईच्या सकाळी औषध विसरू नये म्हणून तुम्ही वाटीची युक्ती काढलीत. पण औषध देताना गोळ्यांची वेळ लिहून द्यायला हवी होती, तोंडी सांगायला हवी होती, असं मला कळकळीने वाटतं. आमच्या पेशात ही एक ओळ लिहायची राहते आणि त्यापायी माणसं महिनोन्‌महिने थकत राहतात.

आता दुसरा रिपोर्ट. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट एककाची. तुमचा पहिला १.१ हा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहे. दुसऱ्या लॅबचा २४ हा पिकोमोल प्रति लिटरमध्ये असणार. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, काढून बघा. एक नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे साधारण १२.९ पिकोमोल. २४ला १२.९ने भागा, १.९च्या आत-बाहेर येईल. म्हणजे १.१ वरून १.९. वरच्या मर्यादेच्या किंचित पलीकडे, बस. किलोमीटर आणि मैल शेजारी लिहून गाव लांब गेलं म्हणण्यासारखं हे झालं. बी-१२ आणि डी जीवनसत्त्वालाही हीच गंमत लागू आहे, डी तर एका एककात १७ आणि दुसऱ्यात ४२ दिसेल, माणूस तेच. म्हणून शक्यतो एकच लॅब धरून ठेवा.

दुसरी गोष्ट बायोटिनची, म्हणजे केसांच्या गोळ्यांत घालतात त्या ब गटातल्या जीवनसत्त्वाची, आणि ही फार कमी लोकांना माहीत आहे. अनेक लॅबमधल्या यंत्रांत संप्रेरकं मोजायची जी पद्धत आहे, तिच्यात बायोटिनचाच दोऱ्यासारखा उपयोग केलेला असतो. त्या दोऱ्याने रक्तातलं द्रव्य पकडायचं आणि मोजायचं. आता रक्तातच बायोटिन ओसंडून वाहत असेल तर ते पकडायच्या जागा अडवून बसतं आणि मोजणी फसते. टीएसएच आहे त्यापेक्षा खूप कमी दिसतो, फ्री टी-४ आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. कागदावर अगदी थायरॉइड वाढल्याचं चित्र उभं राहतं, आणि माणसाला प्रत्यक्षात काहीही झालेलं नसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मोठ्या माणसाला दिवसाला बायोटिन लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळ्यांत आणि गमीजमध्ये ते ५,००० आणि १०,००० मायक्रोग्रॅमही असतं. बाटली फिरवून बघा आणि दोनाने गुणा.

सगळ्या लॅबची यंत्रं या पद्धतीची नसतात, त्यामुळे ०.२ हा आकडा थोडाबहुत खराही असू शकतो, कारण गोळी ७५ची १०० झाली आहे. खरं-खोटं ओळखायला सोपा उपाय आहे. गमीज आजपासून बंद. नियम किमान दोन दिवसांचा आहे, तुम्ही आठवडाभर थांबा. मग त्याच लॅबमध्ये फक्त टीएसएच आणि फ्री टी-४ करा. बाकी ७८ तपासण्यांची गरज नाही. रक्त देताना ‘मी बायोटिन घेत होते, आठ दिवसांपूर्वी थांबवलं’ हे सांगा. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वाटीची हकिगत पूर्ण सांगा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण गोळ्यांच्या वेळा सुटल्या की आहे ती १००ची गोळी पूर्ण अंगी लागायला लागेल आणि ती तुम्हाला जास्त होऊ शकते. डॉक्टर कदाचित परत ७५वर आणतील. तो निर्णय त्यांचा.

त्यानंतर सहा ते आठ आठवडे थांबा. टी-४ रक्तात निम्मा व्हायला साधारण सात दिवस लागतात, आणि मुकादमाचा आवाज बदलायला त्याहून जास्त. त्याआधी घाईने केलेली तपासणी अर्धवट शिजलेल्या भाताची शितं दाबून बघण्यासारखी आहे. तपासणी सकाळी, दर वेळी साधारण त्याच वेळेला करा. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. उपाशी असायची सक्ती नाही. पण त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्या, कारण गोळी घेतल्यावर पुढचे काही तास फ्री टी-४ वर चढलेला दिसतो. तापात, डेंग्यूत किंवा दवाखान्यात भरती असताना थायरॉइड तपासू नका, तेव्हाचे आकडे आजारपणाचे असतात.

आणि तपासणी जवळ आली म्हणून चुकलेल्या गोळ्या भरून काढायला चार दिवस नेटाने घेणं, हे मी फार बघते. फ्री टी-४ छान आणि टीएसएच मात्र चढलेला, असा रिपोर्ट आला की मी ओळखते. रागवायला नाही सांगत, पण त्याने डॉक्टर फसतात आणि गोळी उगाच वाढते.

आता वेळा कशा लावायच्या. पहाटे उठल्याबरोबर, दात घासायच्याही आधी, साध्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी. एकटी. बाटली उशाशी ठेवा, ओट्यावर नको. ओट्यावरची वाफ आणि खिडकीतलं ऊन दोन्ही या गोळीला सोसत नाहीत, आणि तिथे वाटी परत हाताशी येते. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची गोळी शाळेतल्या मधल्या सुट्टीत किंवा दुपारी, म्हणजे थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. आंबट पदार्थातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. तिच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको. कॅल्शियम रात्री जेवणाबरोबर. पित्ताची गोळी खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारा. लोहाचा प्रकार बदलून किंवा एक दिवसाआड घेऊन पुष्कळांचं पित्त कमी होतं, आणि एक दिवसाआड घेतलेलं लोह दर गोळीमागे जास्त शोषलंही जातं. शौचाला काळसर होईल, घाबरू नका.

पहाटेची वेळ जमणारच नसेल तर रात्री झोपताना घेता येते, पण जेवणाला तीन-चार तास झालेले हवेत आणि मग कॅल्शियमला दुसरी जागा शोधावी लागेल.

तुमच्या कागदावरचा मला सगळ्यात जास्त खुपणारा आकडा टीएसएच नाही, फेरिटिनचा ९ आहे. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातलं धान्य, फेरिटिन म्हणजे कणगीतलं. डब्यात दाणे दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो आणि कणगी कधीच रिकामी झालेली असते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसात १५च्या खाली लोहाची कमतरता धरते, आणि बरेच डॉक्टर ३०च्या खालीच उपचार सुरू करतात. काही लॅबच्या रिपोर्टवर बायकांची खालची मर्यादा १० किंवा त्याच्या आसपास छापलेली असते, म्हणून १२ फेरिटिन असलेली बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते. धाप, केस गळणं, जिना चढताना पाय भरून येणं, वर्गात उभं राहवत नाही असं वाटणं, हे सगळं तुम्ही थायरॉइडच्या नावावर टाकलंय. त्यातलं बरंच लोहाचं असू शकतं. आणि गोळी १००ची करून लोहाचा थकवा जात नाही.

या दोन गोष्टी एकमेकींना ओढून खाली नेतात. थायरॉइड ग्रंथीला संप्रेरक तयार करायला जे विकर (एन्झाइम) लागतं, ते लोहावर चालतं. थायरॉइड कमी पडला की पाळीत अंगावर जास्त जातं. जास्त गेलं की लोह आणखी उतरतं. म्हणून अंगावर जाण्याचं कारण शोधणं अर्धवट सोडू नका. तासातासाला पॅड बदलावं लागतंय का, गाठी पडतात का, आठ दिवसांच्या पुढे चालतं का, हे लिहून ठेवा आणि सोनोग्राफी झाली नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. लोहाची गोळी हिमोग्लोबिन बारा झालं म्हणून थांबवायची नसते. कणगी भरायला त्यापुढे आणखी दोन-तीन महिने लागतात.

खाण्याचं बोलायचं तर हळीव उत्तम. हळिवाचा लाडू किंवा लिंबू पिळून भिजवलेले हळीव. मटकी, हरभरा, चवळी, राजगिरा, लोखंडी कढईतली पालेभाजी, जेवताना लिंबाची फोड किंवा आवळा. बिटाचा रंग लाल असतो, लोह त्यात फारसं नसतं. गूळ आपण जेवढा खातो तेवढ्यातून मिळणारं लोहही थोडंच. आणि नऊवर आलेलं फेरिटिन नुसत्या जेवणाने वर आणायला फार काळ लागेल, तेव्हा लाडू खा आणि गोळीही घ्या.

बी-१२चा २३६ हा अडनिडा आकडा आहे. रिपोर्टवर तो मर्यादेत छापलेला असेल, कारण बहुतेक ठिकाणी खालची रेघ २०० असते. पण २०० ते ३०० या पट्ट्यात पेशींना पुरतं की नाही हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. तुम्ही अंडंही खात नाही. बी-१२ फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं, आपल्याकडे म्हणजे दूध-दही-ताकात, तेही बेताचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यातून आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ही कमतरता किती पसरलेली आहे हे पुढे आलं. तुमच्या घरात माळ आहे आणि ती राहू दे, बी-१२ची गोळी जंतूंपासून तयार करतात, त्यात मांस लागत नाही. फक्त कॅप्सूल असेल तर तिचं आवरण जिलेटिनचं नाही ना, एवढं दुकानात विचारा.

इथे एक बारकावा आहे. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं की सरासरी बरोबर मध्यावर येते आणि रिपोर्ट म्हणतो पेशींचा आकार ठीक आहे. त्या ‘ठीक’वर विसंबू नका. हातापायांना मुंग्या, तोंड येणं, जीभ गुळगुळीत होणं असेल तर डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर ते होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) तपासतील, नाहीतर सरळ गोळी सुरू करतील. पित्ताची गोळी दीर्घकाळ घेतली तरी बी-१२ उतरतं, हेही त्यांच्या कानावर घाला.

डी १७ म्हणजे कमी, वीसच्या खाली. उपचार सोपा आहे, आठवड्यातून एकदा ६०,०००ची पुडी किंवा गोळी, साधारण आठ आठवडे, जेवणानंतर दुधाबरोबर. मग थांबायचं किंवा डॉक्टर सांगतील तसं महिन्यातून एकदा. ही पुडी ‘बरं वाटतं’ म्हणून वर्षभर दर आठवड्याला घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. रक्तातलं कॅल्शियम वाढून एकीला उलट्या आणि भ्रम होऊन भरती व्हावं लागलं. डी भरून निघाल्याने हाडं-स्नायू सुधारतील, थायरॉइड बरा होईल अशी आशा ठेवू नका.

अँटी-टीपीओ ४८०. या आकड्याने तुमची झोप उडाली असेल, पण त्यात नवीन बातमी काही नाही. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटली आहे, एवढंच तो सांगतो. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतो म्हणतात. ४८०चे २०० झाले म्हणून गोळी कमी होत नाही आणि ८०० झाले म्हणून वाढत नाही. एकदा केली, कारण कळलं, पुन्हा त्यावर पैसे घालवू नका. रिव्हर्स टी-३ची तपासणी कोणी सुचवली तर तीही नको.

एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.९ हे दोन आत्ता बाजूला ठेवा. थायरॉइड कमी पडला की एलडीएल चढतं आणि टीएसएच जागेवर आला की बरेचदा उतरतं. म्हणून त्याची गोळी सुरू करण्याआधी तीन महिन्यांनी परत बघा. एचबीए१सी लोहाच्या कमतरतेत खोटं वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहोत असं धरून बसू नका, उपाशीपोटीची साधी साखर तपासा. आणि ८० तपासण्यांत काही ठळक अक्षरं येणारच. ‘नॉर्मल रेंज’ ठरवतात ती निरोगी माणसांपैकी ९५ टक्के जिथे बसतात तिथे. ठणठणीत माणसाच्याही ८० तपासण्यांत तीन-चार आकडे रेषेबाहेर पडू शकतात. मला ही पॅकेजं त्यासाठीच आवडत नाहीत. माझी स्वतःची लॅब असूनही सांगते, तुम्हाला यातल्या दहा पुरल्या असत्या.

मैत्रिणीने प्रेमाने सांगितलंय, तिला दुखवू नका. शिजवलेला कोबी-फ्लॉवर खुशाल खा. रोज वाटीवाटीभर कच्च्या कोबीचा रस पीत नसाल तर काही बिघडत नाही. सोयाबीन थायरॉइडच्या गोळीपासून लांब ठेवा, एवढंच. मीठ आयोडीनयुक्तच वापरा, नुसत्या सैंधवावर जाऊ नका. उलट आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्याही घेऊ नका, हाशिमोतोत जास्तीचं आयोडीन ग्रंथीला आणखी मंद करतं. सेलेनियमने फायदा होतो हे पुरेसं सिद्ध झालेलं नाही, आणि जास्त झालं तर गंमत अशी की केसच गळतात.

गव्हाचं मात्र थोडं थांबून. गव्हाने आतड्याला इजा होणारा सीलिॲक नावाचा आजार हाशिमोतो असणाऱ्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि त्यात लोह शोषलं जात नाही. वेळा पाळून तीन महिने गोळी घेऊनही फेरिटिन हललं नाही, तर टीटीजी नावाची रक्ततपासणी करा. ती पोळी खात असतानाच करायची. आधी गहू सोडलात तर तपासणी खोटी नकारात्मक येईल आणि खरं कधीच कळणार नाही. ती तपासणी ठीक आली तर पोळी सोडायचं कारण नाही.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर मात्र हे सगळं आधी सरळ करा आणि डॉक्टरांना तसं सांगून ठेवा. गरोदरपणात गोळी पहिल्या काही आठवड्यांतच वाढवावी लागते, पाळी चुकली की वाट न बघता त्यांना फोन करायचा.

राहिली लेक. थायरॉइड घराण्यात चालतो, तुमची काळजी बरोबर आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला ८० तपासण्या नकोत, अँटी-टीपीओही नको. शाळेत वजन-उंचीची नोंद असेल, गेल्या दोन वर्षांचे आकडे काढा. उंची थांबलीय का, पूर्वी येणारा अभ्यास आता जमत नाही का, सारखी थंडी वाजते का, शौचाला कडक होते का, गळ्यापुढे फुगवटा दिसतो का, बघा. यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून एक टीएसएच आणि एक फ्री टी-४ करा. पाळी सुरू झाली असेल आणि चेहरा फिका दिसत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. यातलं काहीच नसेल आणि पोरगी मैदानावर धावत असेल, तर तिला आत्ता सुई नको. हळिवाचा एक लाडू तिच्याही डब्यात ठेवा.